साडूभाऊ आणि मागच्या गेटचं कुलूप

मुंबईत अतिरेक्यांना घाबरत नाही असं छातीठोकपणे सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतील. पण अतिरेक्यांपासून आपल्याला वाचवण्यासाठी जो खर्च होतो त्यालाच घाबरणारा माणूस या अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. टीव्हीवर ‘हाय अलर्ट’ची लाल पट्टी सरकायला लागली की बाकीचे लोक आपापल्या पोराबाळांना फोन करतात. आमचे साडूभाऊ कपाळाला हात लावून म्हणतात, "झालं! आता आणखी एका दारात पीं-पीं वाजणारी कमान उभी राहणार." या कमानींशी त्यांचं जुनं वैर आहे. एका सरकारी कचेरीच्या दारात अशीच एक कमान होती. तिच्याखालून कोणीही गेलं तरी ती वाजायची, आणि वाजली म्हणून कोणालाही कोणी काही विचारायचं नाही. साडूभाऊंसाठीही ती वाजली. ते तिथेच थांबले, हात वर केले आणि म्हणाले, "वाजली. आता पुढे काय?" खुर्चीतला पहारेकरी म्हणाला, "वो सबके लिए बजता है, अंकल." मागची रांग "ओ काका, चला ना यार" असं ओरडायला लागली, पण हे हलेनात. "मग ही माणसं मोजायला ठेवली आहे का?" असं त्यांनी त्या पहारेकऱ्याला, मग त्याच्या साहेबाला आणि मग साहेबाच्या साहेबाला विचारलं. मी त्यांच्याबरोबर फक्त एका सहीसाठी गेलो होतो. सही राहिली, कचेरी जेवायला उठली.

आमच्या सासऱ्यांनी आपल्या दोन्ही लेकी मुलुंडला एकाच सोसायटीत, समोरासमोरच्या विंगेत दिल्या. मुली एकमेकींच्या नजरेसमोर राहाव्यात हा त्यांचा हेतू असेल. प्रत्यक्षात मी साडूभाऊंच्या नजरेसमोर राहिलो. त्यांच्या गॅलरीतून आमचं स्वयंपाकघर दिसतं. आमच्या गॅसची नळी जुनी झाली हे मला माझ्या बायकोने नाही, त्यांनी सांगितलं, तेही समोरून ओरडून, सगळ्या विंगेला ऐकू जाईल अशा आवाजात. आवाज म्हणजे काय, हळू बोलणं हा प्रकार त्यांना माहीतच नाही. देवळात नमस्कार करतानाही त्यांचं मागणं बाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईला ऐकू जातं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. आयुष्यभर ते एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. माणूस गेला, की तो कसा गेला याचे कागद यांच्या टेबलावर यायचे. त्यामुळे मुंबईकर कशाकशाने मरतो यावर त्यांच्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस मिळायचा नाही, आणि इतक्या आनंदाने बोलणारा तर नाहीच नाही. "स्टुलावर चढून पंखा पुसणारे! ओल्या मोरीत घसरणारे! रस्ता ओलांडताना फोनवर बोलणारे! उघड्या गटारात जाणारे!" असं ते ऐन जेवणाच्या पानावर सांगतात आणि शेवटी ताकाचा भुरका मारून म्हणतात, "आणि अतिरेक्याने मारलेल्याचा दावा? अरे, शोधून सापडायचा नाही. तरी बजेट बघ!" पार्ल्याला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. हॉलच्या मागच्या दाराला ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ कुलूप आहे हे यांना ऐन मुहूर्तावर कळलं. लग्नाच्या व्हिडिओत भटजी "सावधान" म्हणतात आणि मागून साडूभाऊंचा आवाज येतो, "आधी ते दार उघडा हो! आत आग लागली तर अक्षता टाकून विझवणार का?" नवरी हसते आहे, नवरा घाबरला आहे, असा तो व्हिडिओ आहे. आमच्या घरात तो अजूनही हौसेने बघतात.

पण सगळ्यात कहर झाला तो विळीचा. घाटकोपरच्या बाजारातून साडूभाऊंनी माझ्या बायकोसाठी नारळ खवायची घडीची विळी घेतली, चांगली धारदार, आणि तिथूनच आम्ही चौघं मॉलमध्ये सिनेमाला गेलो. दारात पिशव्यांची तपासणी. तिथल्या बाईंनी माझ्या बायकोच्या पर्समधून चकल्यांची पुडी बाहेर काढली आणि जप्त केली. साडूभाऊंच्या पिशवीत तिथल्या माणसाने नुसती काठी ढवळली आणि म्हणाला, "जाइए." झालं! यांनी पिशवीतून विळी काढली, तिथेच उघडली, पातं वर करून दाखवलं. "हे बघ, हे मी आत नेतोय." तो माणूस म्हणाला, "अंकल, खाने का कुछ नहीं है ना? तो फिर जाओ ना!" साडूभाऊंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आयुष्यभर जे सिद्ध करायचं होतं ते त्या बिचाऱ्याने एका वाक्यात करून दिलं होतं. मध्यंतरापर्यंत ते दारातच येणाऱ्या-जाणाऱ्याला विळी दाखवून पटवत होते. मी शरमेने मेलो होतो. चकल्या गेल्या त्या गेल्याच.

तुम्ही म्हणाल, माणूस हेकट आहे. हेकट आहेच, पण बिनडोक नाही, ही खरी अडचण आहे. मी एकदा त्यांना पेचात पकडायचं म्हणून विचारलं, "साडूभाऊ, काही होत नाही म्हणून खर्च वाया, असं कसं म्हणता? कदाचित खर्च होतो म्हणूनच काही होत नसेल." त्यांनी चक्क मान डोलावली. म्हणाले, "हा मुद्दा आहे. म्हणून तर सरसकट नको म्हणत नाही मी. ट्रॉम्बेला अणूचं केंद्र आहे, तिथला पहारा दुप्पट करा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. खबर काढणारी चार डोकेबाज माणसं ठेवा, त्यांना हवं ते द्या. पण बिघडलेली कमान, काठीने पिशवी ढवळणारा माणूस, नाक्यावरच्या डबक्यासमोर लावलेला कॅमेरा, ह्येका काय अर्थ आसा?" तापले की ते वेंगुर्ल्याच्या बोलीवर जातात. "अरे, त्या डबक्यात माणूस पडतो. ते बुजवा ना! खर्च धोक्याच्या मापाने करायचा असतो. हे लोक भीतीच्या मापाने करतात." खरं सांगतो, मला ते पटलं होतं. आजही पटतं. सरकारने त्यांना एकदा बोलावून ऐकायला हवं होतं, फक्त कानात कापूस घालून.

पण त्यांच्या घरात सरकार वेगळं होतं. ते म्हणजे ताई, माझी मेहुणी. ताई नोकरीला होत्या तेव्हा शहरात स्फोट झाले, त्या संध्याकाळी त्यांच्या पुढच्याच बसमध्ये एक झाला. त्या चालत घरी आल्या, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि मटार सोलत बसल्या. सोलून झाले तरी बोटं हलत होती, असं माझी बायको सांगते. तेव्हापासून भीतीने जे ठाण मांडलं ते उठलं नाही. बेवारस पिशवी दिसली की रस्ता बदलायचा, दाराला कडी, वर कडी, वर साखळी. साडूभाऊ त्यांना हिशेब पटवायला जायचे, "अगं, तू मोरीत पाय घसरून पडायची शक्यता—" आणि ताई म्हणायच्या, "अहो, पुरे. आता मोरीचीही भीती घालू नका." तरी त्या निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी हा माणूस बसस्टॉपवर त्यांना आणायला उभा असायचा. मी चेष्टा केली, की साडूभाऊ, हा बंदोबस्त धोक्याच्या मापाने का? तर म्हणाले, "गप रे. पाय मोकळे करायला येतो मी." माझी बायको म्हणाली, "भाऊजी, तुमचे पाय बरोबर ताईच्या बसच्या वेळेलाच आखडतात." त्यावर ते लाजले, पण कबूल झाले नाहीत.

मागच्या वर्षी पुन्हा एकदा ‘हाय अलर्ट’ची पट्टी आली आणि आमच्या सोसायटीला देशरक्षणाचा झटका आला. सेक्रेटरींनी सभा बोलावली. हे सेक्रेटरी देवगडकडचे, माणूस भला, पण शिट्टी आणि टॉर्च हाती आला की स्वतःला सीमेवर समजणारा. ठराव असा होता: पुढच्या गेटला आपोआप वरखाली होणारा दांडा, जिकडेतिकडे कॅमेरे, येणाऱ्याच्या नावाने फोनवर ओटीपी, आणि मागच्या गेटला कायमचं कुलूप. साडूभाऊ उठले. सभागृहात आधीच दोन-चार जणांनी खुर्च्या मागे सरकवल्या. ते म्हणाले, "आपल्या सोसायटीवर कोणता अतिरेकी येणार आहे? त्याला इथे पार्किंग मिळणार आहे का? आग विझवायचा पंप बंद पडून आहे, तो आधी दुरुस्त करा. आणि मागच्या गेटला हात लावू नका. गणपतीत पुढच्या गल्लीत मंडप असतो. तेव्हा बंब किंवा अँब्युलन्स आली तर ती काय वरून उतरवणार?"

लोक हसले. काहींनी मानाही डोलावल्या. मला वाटलं, जिंकले. इतक्यात बायकांच्या बाजूने ताई उठल्या. ताई सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "ह्यांचं गणित बरोबर आहे. घरी रोज ऐकते मी. पण मला भीती वाटते, त्याचं काय करायचं? मागच्या गेटला कुलूप असेल तर मला झोप येईल." आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. बघता बघता सगळ्या बायकांचे हात वर, मग त्यांच्या नवऱ्यांचे. माझाही झाला, कारण माझ्या बायकोने कोपरखळी मारली. साडूभाऊ खाली बसले. खोटं कशाला बोलू, मला थोडी गंमतच वाटली. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "मतदान गुप्त ठेवायला हवं होतं."

कॅमेरे लागले, दांडा लागला, कुलूप लागलं. पंप तसाच राहिला. ताई मात्र खरंच झोपू लागल्या. साडूभाऊ मला म्हणायचे, "हा खर्च साफ वाया आहे. पण घोरते रे ती आता." हे सांगताना त्यांना रागवावं की हसावं हे कळत नसे.

गणपती आले. मुलुंडचा आमचा भाग गणपतीत निम्मा कोकणात असतो. सोसायटी रिकामी, सेक्रेटरी देवगडला. दीड दिवसाचे गणपती पोचवायची दुपार होती. ताई मोदकांचं पातेलं उतरवायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. घाम, छातीत कळ, ओठ पांढरे. साडूभाऊंनी समोरच्या गॅलरीतून मला हाक मारली. त्या हाकेत त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. मी धावलो. अँब्युलन्स लवकर आली, देव तिचं भलं करो. पण पुढच्या गल्लीत मंडप, स्कूटर जेमतेम निघेल एवढी वाट. तशात नवा वॉचमन चालत गेटपर्यंत आलेल्या ड्रायव्हरला विचारतोय, "किसके घर जाना है? ओटीपी बताओ." तो ओटीपी साडूभाऊंच्या फोनवर आलेला, आणि फोन वर, मोदकांच्या पातेल्याशेजारी. ड्रायव्हर शहाणा, तो गाडी फिरवून मागच्या गेटला गेला. तिथे कुलूप.

मी सेक्रेटरींना फोन लावला. मागे आरती चाललेली. किल्ली कुठे आहे विचारलं तर अभिमानाने म्हणाले, "काही काळजी करू नका! किल्ली अगदी सुरक्षित आहे. माझ्या खिशातच आहे!" देवगडला! मला त्या माणसाचा असा राग आला की समोर असता तर मी त्याची शिट्टी त्याच्याच घशात घातली असती. इकडे आम्ही ताईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या गेटपाशी आणलं होतं. गजांच्या पलीकडे स्ट्रेचर, अलीकडे ताई, मध्ये ते अतिरेक्यांसाठी लावलेलं कुलूप. साडूभाऊ दोन्ही हातांनी ते ओढत होते, जसं काही ओढल्याने उघडणार होतं. मी वाट बघत होतो की आता हे बोलतील, ‘सांगितलं होतं की नाही!’ म्हणतील. ते ताईंना म्हणत होते, "उघडतो हं. आत्ता उघडतो. तू डोळे मिटू नकोस." शेवटी मंडपवाल्यांनी पहार आणली आणि कडीसकट कुलूप उखडलं.

ताई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि घरी आल्यावर कोणीच उच्चारलं नाही.

गणपतीनंतर सभा भरली. कधी नव्हे ते सभागृह तुडुंब, फक्त ताई तेवढ्या घरी. सेक्रेटरी उभे राहिले, हात जोडले, रडायलाच लागले बिचारे, म्हणाले, पुन्हा कुलूप लावत नाही, राजीनामाही देतो. सगळे साडूभाऊंकडे बघत होते. एवढा मोठा विजय, पुराव्यासकट, माणसाच्या वाट्याला एकदाच येतो. मी मनात म्हटलं, आता हे दोन तास बोलणार, आणि आज बोलू दे, मी हलणार नाही. साडूभाऊ उठले. म्हणाले, "राजीनामा नको. पंप दुरुस्त करा. आणि मागच्या गेटला कुलूप पुन्हा लावा." सभेत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "अहो काका, तुम्हीच तर विरोध केला होता!"

"अजून करतो," ते म्हणाले. "माझं गणित चुकलेलं नाही. किल्ली फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये टांगा, कोणाच्या खिशात नको. पण कुलूप लावा. हॉस्पिटलमधून आल्यापासून ही रोज संध्याकाळी विचारते, मागच्या गेटला कुलूप आहे ना? मी हो म्हणतो. इतक्या वर्षांत हिच्याशी खोटं बोललो नव्हतो. उद्यापासून मला खरं बोलू द्या." एवढं बोलून ते बसले. ठराव मांडायची कोणाला गरजच वाटली नाही. माझ्या शेजारी बसलेली माझी बायको पदराने नाक पुसत होती.

साडूभाऊ बदलले असं समजू नका. परवाच केळ्यांच्या गाडीवर त्यांनी कॅमेऱ्यांच्या खर्चावरून एका कॉलेजच्या मुलाला असं धारेवर धरलं की तो केळी न घेताच पळाला. पण काल दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर दार नुसतं लोटलेलं. आत ताई दिवाणावर निजल्या होत्या. शेजारी खुर्चीत साडूभाऊ, हातात वर्तमानपत्र, पण पान उलटत नव्हतं. नजर कागदावरून सुटून ताईंच्या श्वासावर लागलेली. श्वास जरा लांबला की हे पुढे वाकायचे, पुन्हा लागला की मागे टेकायचे. मी म्हटलं, "साडूभाऊ, डॉक्टर म्हणाले ना, धोका टळला म्हणून?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल रे," ते म्हणाले, इतकं हळू की मला ते त्यांच्या ओठांवरून वाचावं लागलं.